चहागृहातील कथेकरी

१९५७ साली चीनच्या सिचुआन प्रांतात, चेंगडू शहराजवळील तिएनहुई टेकडीवर एका प्राचीन थडग्यात मातीची एक मूर्ती सापडली. पूर्व हान राजवटीच्या, म्हणजे इसवी सन २५ ते २२० या काळातील ही मूर्ती उंचीने अर्ध्या मीटरहून थोडी अधिक आहे. डाव्या काखेत छोटे ढोलके, उजव्या हातात उगारलेली टिपरी, एक पाय आनंदाने हवेत फेकलेला आणि कपाळावर आठ्या उमटाव्यात इतके मोकळे हसू! राजा, सेनापती किंवा धर्मगुरू असे कोणतेही मोठेपण या गृहस्थाच्या अंगी दिसत नाही. तो आहे एक कथेकरी. बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात ही मूर्ती पाहणाऱ्याच्या चेहऱ्यावर, तिने सांगितलेली कथा कोणती हे ठाऊक नसतानाही, आपसूक हसू उमटते.

चीनचा सांस्कृतिक वारसा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर लांबलचक भिंत, मातीचे सैन्य, रेशीम आणि चिनी मातीची भांडी उभी राहतात. हे सारे डोळ्यांनी पाहायचे वैभव झाले. परंतु चिनी लिपी हजारो चिन्हांची आणि विसाव्या शतकापर्यंत बहुसंख्य चिनी माणूस निरक्षर. त्याच्यापर्यंत आपला इतिहास, नीतिकल्पना, शूरांचे पराक्रम आणि कवींची वचने पोहोचली ती प्रामुख्याने कानांवाटे. देवळाच्या आवारात, बाजारपेठेत, नदीकाठच्या धक्क्यावर आणि पुढे चहागृहात, एक माणूस बोलत असे आणि गाव ऐकत असे. या बोलण्यातून जे टिकले, त्याची ही हकीकत आहे.

तिचा एक धागा थेट भारतात येऊन पोहोचतो. तांग राजवटीत (इ. स. ६१८ ते ९०७) बौद्ध विहारांमधून सर्वसामान्यांसाठी लोकभाषेत प्रवचने होत. सूत्रांतील अवघड तत्त्वज्ञान कथांच्या रूपाने, थोडे गद्यात सांगून आणि थोडे पद्यात गाऊन, समजावले जाई. वेनशू नावाच्या भिक्षूची प्रवचने इतकी गाजली की इसवी सन ८२६ मध्ये खुद्द सम्राट जिंगझोंग त्यांच्या श्रवणासाठी विहारात गेल्याची नोंद चिनी इतिहासग्रंथात आहे. दुनहुआंगच्या गुहांमध्ये १९०० साली जो हस्तलिखितांचा प्रचंड साठा उघडकीस आला, त्यात अशा गद्यपद्यमिश्रित कथाही होत्या. नरकात पडलेल्या आईच्या सुटकेसाठी जाणाऱ्या मौद्गल्यायनाची कथा त्यांतलीच एक. बुद्धाच्या या शिष्याला चिनी श्रोत्यांनी ‘मूलियेन’ या नावाने आपलेसे करून टाकले. चित्रे दाखवीत कथा सांगण्याच्या चिनी प्रथेचा उगम भारतात आहे, असे प्रतिपादन अमेरिकन अभ्यासक व्हिक्टर मेअर यांनी १९८८ च्या आपल्या ग्रंथात केले. सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या चित्रकथींशी परिचित असलेल्या मराठी वाचकाला ही प्रथा मुळीच परकी वाटणार नाही.

विहारातील प्रवचन पुढे बाजारात उतरले. सोंग राजवटीची राजधानी कायफेंग येथे करमणुकीच्या खास पेठा होत्या. मेंग युआनलाओ याने बाराव्या शतकात लिहिलेल्या स्मरणग्रंथात तेथील कथेकऱ्यांची नावे त्यांच्या विषयांसह दिली आहेत. ‘तीन राज्यां’ची कथा सांगणारा एक, तर ‘पाच राजवटीं’ची सांगणारा दुसरा! विषयाची अशी वाटणी झाली, याचा अर्थ श्रोतेही तितके चोखंदळ असले पाहिजेत. थोर कवी सू शी याने त्याआधी टिपून ठेवलेली एक गोष्ट तर फारच बोलकी आहे. गल्लीतील मुले घरात धुडगूस घालू लागली की आईवडील त्यांच्या हातावर चार पैसे ठेवून त्यांना कथेला पाठवीत. कथेत लिऊ बेई हरला की ही मुले कपाळाला आठ्या घालीत, कोणी डोळेही पुसत. आणि त्साओ त्साओ हरला की आनंदाने ओरडत. ‘तीन राज्यां’ची जगप्रसिद्ध कादंबरी यानंतर काही शतकांनी आकाराला आली. तिच्यातील नायक कोण आणि खलनायक कोण, याचा निवाडा मात्र या पोरांनी कधीच करून टाकला होता.

या परंपरेतील सर्वांत गाजलेले नाव म्हणजे लिऊ जिंगतिंग. जन्म १५८७ चा, जिआंगसू प्रांतातील. मूळचे आडनाव त्साओ. पण पोरवयात काही अपराध करून पळाल्यावर त्याने नाव बदलले आणि पोटासाठी कथा सांगू लागला. त्याच्या शिक्षणाचा वृत्तांत हुआंग झोंगशी या विद्वानाने लिहून ठेवला आहे. मो होउग्वांग नावाच्या गुरूने त्याची परीक्षा तीन टप्प्यांत घेतली. पहिल्या खेपेस गुरू म्हणाला की, तू लोकांना हसवू शकतोस. दुसऱ्या खेपेस म्हणाला, तू लोकांना रडवू शकतोस. तिसऱ्या खेपेस मात्र लिऊने तोंड उघडण्यापूर्वीच त्याच्या मुद्रेवरून सुखदुःख श्रोत्यांपुढे उभे राहिले, तेव्हाच गुरूचे समाधान झाले.

दिसायला हा माणूस काळासावळा, चेहऱ्यावर देवीचे व्रण. झांग दाई या समकालीन लेखकाने नानजिंगमध्ये त्याची कथा ऐकली आणि तिचे वर्णन करून ठेवले. दिवसाला एकच आख्यान, त्याचे मोल एक लियांग चांदी. दहा दिवस आधी निमंत्रण व विसार पोहोचता करावा लागे आणि तरीही बुवांना सवड मिळेलच याची शाश्वती नसे. (आगाऊ रकमेचे महत्त्व त्या काळीही ठाऊक होते, हे बँकेच्या वाचकांना सांगावयास नको!) वाघ मारणारा शूर वू सोंग दारूच्या दुकानात शिरतो, तेथे कोणीच नाही असे पाहून हाक मारतो. ही हाक लिऊ अशी काही देई की दुकानातील रिकामे रांजणही घुमू लागल्याचा भास व्हावा. श्रोत्यांत कोणी कुजबुजले किंवा नुसती जांभई दिली तरी तो तत्क्षणी थांबे. मग कितीही आग्रह करा, पुढचा शब्द नाही.

आज या कलेचे सर्वांत नाजूक आणि घोटीव रूप पाहावयाचे तर यांगत्से नदीच्या दक्षिणेला, सुझोऊ नगरीत जावे लागते. तेथे तिला ‘पिंगतान’ म्हणतात. हे नाव दोन कलांचे मिळून बनले आहे. ‘पिंगहुआ’ म्हणजे केवळ बोलून सांगितलेली कथा. तिच्यात लढाया, वीर, राजकारण. ‘तान्त्स’ म्हणजे वाद्यांच्या साथीने सांगितलेली व गायलेली कथा. तिच्यात प्रेम, विरह, घरगुती पेच. व्यासपीठावर एक मेज, दोन खुर्च्या. एका कलावंताच्या हाती तीन तारांचे ‘सान्शियेन’, दुसऱ्याच्या हाती ‘पिपा’. निवेदक तेच, पात्रे तेच, गायक-वादकही तेच. साधने म्हणावीत तर घडीचा पंखा, रुमाल आणि मेजावर आपटण्याचा लाकडी ठोकळा. या ठोकळ्याला सुझोऊत ‘जागे करणारे लाकूड’ म्हणतात. यांगझोऊत त्यालाच ‘बोलणे थांबवणारा’ असे नाव आहे. दोन्ही नावे खरी, कारण त्या एका ठोक्याने डुलक्या घेणारा जागा होतो आणि बडबडणारा गप्प बसतो.

पिंगतानच्या कथेला घाई मुळी ठाऊकच नाही. रोज दुपारी सुमारे दोन तास, असे पंधरवडा-पंधरवडा आणि पूर्वी तर काही महिने एकच कथा चाले. ‘मोत्यांचा मनोरा’ या प्रसिद्ध तान्त्समध्ये नायिका जिना उतरून खाली येते. पायऱ्या अवघ्या अठरा. परंतु एका कथेकऱ्याने तिला त्या उतरायला अठरा दिवस लावले, अशी आख्यायिका सांगतात. प्रत्येक पायरीवर तिच्या मनातील घालमेल! आणि रोजची बैठक नेमकी अशा वळणावर थांबते की, दुसऱ्या दिवशी आल्यावाचून श्रोत्याला चैन पडू नये. चिनी कादंबऱ्यांतील प्रत्येक प्रकरण ‘पुढे काय झाले ते पुढील भागात ऐका’ अशा धर्तीवर संपते, ते याच मौखिक सवयीचे अवशेष होत.

चहागृह हे केवळ कथेचे ठिकाण नव्हते. तंटे मिटवण्याचीही ती जागा होती. भांडणारे दोन्ही पक्ष चहा घेत आपापली बाजू चारचौघांत मांडीत, एखादा वडीलधारा निवाडा देई आणि ज्याची बाजू पडे त्याने सर्वांच्या चहाचे पैसे चुकते करावयाचे. लाओ श यांच्या ‘चहागृह’ (१९५७) या नाटकाच्या पहिल्या अंकात एका कबुतरावरून पेटलेले भांडण मिटवण्याचा असाच प्रसंग आहे. जेथे गावाची भांडणे मिटत, तेथेच गावाचा इतिहास सांगितला जाई. म्हणून तो इतिहास लोकांना परका वाटला नाही. ज्याच्याजवळ चहापुरतेही पैसे नसत त्याला भिंतीला टेकून, उभ्याने फुकट ऐकण्याची मुभा होती. ‘भिंतीला टेकून ऐकलेली कथा’ असा त्यासाठी खास वाक्प्रचारच त्या प्रांतात रूढ झाला.

या उदारतेला अपवादही होते. सुझोऊच्या कथेकऱ्यांचा ‘ग्वांगयू’ नावाचा संघ होता. सभासदत्व, कथांची मालकी, गुरुशिष्यांची नोंद यांबाबत त्याची शिस्त कडक होती आणि स्त्रियांना व्यासपीठावर येण्यास त्याची सक्त मनाई होती. पुढे १९३० च्या दशकात शांघायमध्ये स्त्रीपुरुष जोड्यांना वाव देणारा दुसरा संघ उभा राहिला. आज पुरुषाच्या हाती सान्शियेन आणि स्त्रीच्या हाती पिपा हे पिंगतानचे जणू बोधचित्रच झाले आहे. शे-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या संघाने ते पाहिले असते तर सभासदत्व रद्द केले असते.

मौखिक कलेचे सारे भांडवल कलावंताच्या स्मरणात असते आणि तेथेच तिचा धोकाही असतो. यांगझोऊचे वांग शाओतांग (१८८९-१९६८) यांनी सातव्या वर्षी वडिलांकडून कथा शिकण्यास प्रारंभ केला आणि बाराव्या वर्षी ते लोकांसमोर बसले. वू सोंगची जी कथा मूळ कादंबरीत सुमारे ८० हजार लिपिचिन्हांत आटोपते, ती त्यांच्या तोंडून लिहून घेतली तेव्हा अकरा लाख चिन्हांच्या घरात गेली. संपादित स्वरूपात ती १९५९ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. हे वेळीच झाले म्हणावयाचे. कारण १९६६ साली सांस्कृतिक क्रांतीचा वणवा पेटला, जुन्या कथा ‘सरंजामी’ ठरल्या, कथागृहे बंद पडली आणि त्या धामधुमीतच १९६८ मध्ये वांग यांचे निधन झाले. लिहून घेतलेल्या टिपणांवरून त्यांचे आणखी एक आख्यान १९८५ साली छापले गेले. नात वांग लितांग यांनी घराण्याची कथा पुढे चालवली. तरीही कागदावर शब्द उतरतात. आवाजाची फिरत, डोळ्यांची हालचाल आणि ठोक्याआधीची ती क्षणभराची शांतता उतरत नाही.

ही परंपरा पुन्हा उभी राहिली, त्यामागे एका अर्थतज्ज्ञाचा हात होता, ही बाब बँकिंग क्षेत्रातील वाचकांना विशेष वाटेल. चेन युन (१९०५-१९९५) हे नव्या चीनच्या अर्थव्यवस्थेचे प्रमुख शिल्पकार. १९४९ नंतर शांघायमधील बेफाम चलनवाढ आटोक्यात आणण्याची मोहीम त्यांच्याच देखरेखीखाली झाली. आकडेवारीत बुडालेला हा शिस्तप्रिय माणूस लहानपणी शांघायजवळच्या आपल्या गावात, मामाचे बोट धरून चहागृहात कथा ऐकायला जाई. मामा बरोबर नसला की भिंतीला टेकून उभा राही. १९५९ मध्ये आजारपणात विश्रांती घेताना त्यांना हा जुना छंद पुन्हा जडला. त्यांनी ध्वनिफिती मागवून ऐकल्या, कलावंतांना पत्रे लिहिली, जुन्या कथा टाकून देऊ नयेत आणि हशा मिळवण्यासाठी पातळी सोडू नये, असा आग्रह धरला. सांस्कृतिक क्रांती ओसरल्यावर १९७७ च्या जूनमध्ये हांगझोऊला पिंगतान कलावंतांची बैठक त्यांनी भरवली. १९८१ मध्ये त्यांनी या कलेपुढे तीन गोष्टी ठेवल्या : नवे कलावंत, नव्या कथा आणि सरळ मार्ग. या यादीत कलावंतांचा क्रम पहिला लावला, हे त्यांच्यातील नियोजनकाराला साजेसेच होते.

त्याच सुमारास नभोवाणीने कथेकऱ्यांना प्रचंड श्रोतृवर्ग मिळवून दिला. १९७९ पासून लिऊ लानफांग या कथाकार महिलेने सांगितलेली सेनापती युए फेईची कथा प्रसारित होऊ लागली, तेव्हा प्रसारणाच्या वेळी रस्ते ओस पडत असे सांगतात. २००६ साली चीनने अमूर्त सांस्कृतिक वारशाची पहिली राष्ट्रीय यादी जाहीर केली. तीत ५१८ नोंदी होत्या आणि सुझोऊ पिंगतान त्यांपैकी एक होते.

यादीत नाव येणे आणि दुपारी दीड वाजता खुर्च्या भरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पिंगतान सुझोऊच्या बोलीत आहे. तेथील शाळेत मुले प्रमाण चिनी भाषा शिकतात आणि घरीही बऱ्याचदा तीच बोलतात. कथागृहात नियमित येणाऱ्यांत निवृत्तांचाच भरणा अधिक असतो. पर्यटकांसाठी दहा मिनिटांचे एखादे पद गाऊन दाखवणे सोपे व किफायतशीर असते. पंधरा दिवसांची कथा ऐकायला मात्र पंधरा दिवस येणारा माणूस लागतो. सुझोऊच्या पिंगतान विद्यालयातून तरुण मुलेमुली आजही शिकून बाहेर पडतात, गावोगावच्या कथागृहांत मुक्काम करतात आणि एक कथा संपली की वाद्ये उचलून पुढच्या गावी जातात.

सुझोऊला जाण्याचा योग आला तर उद्याने पाहून झाल्यावर पिंगजिआंग रस्त्यालगतच्या गल्लीतील पिंगतान संग्रहालयाकडे पाऊल वळवावे. जुन्या धाटणीची मेजे, कथेकऱ्यांची वाद्ये आणि हस्तलिखित संहिता तेथे पाहावयास मिळतात. बोली समजली नाही तरी एखाद्या कथागृहात तासभर अवश्य बसावे. शेजारचे आजोबा ज्या वाक्याला मान डोलावतात आणि ज्या वाक्याला चहाचा पेला ओठांपर्यंत नेऊन तसाच धरून ठेवतात, त्यावरून कथा कुठवर आली ते बरेचसे कळते.