एक आडनाव, अनेक कुळे

चीन देशात आडनाव आधी आणि नाव मागून, अशी रीत आहे. तेथील बहुतेक आडनावे एकाक्षरी असतात. त्यांपैकी 'लिऊ' हे एक होय. आडनावे लावणाऱ्यांच्या संख्येत त्याचा क्रमांक चौथा लागतो. सुमारे सात कोटी लोक ते लावतात. एवढे सारे लोक एकाच मूळपुरुषाचे वंशज असतील काय? इतिहास पाहू लागले, की या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेच मिळते.

हे आडनाव प्राचीन आहे; परंतु त्याला खरी प्रतिष्ठा लाभली ती लिऊ बांग याच्यामुळे. हा एका शेतकऱ्याचा मुलगा. इ. स. पू. २०२ मध्ये तो चीनचा सम्राट झाला. त्याने स्थापलेल्या हान घराण्याने सुमारे चारशे वर्षे राज्य केले. राजाचे आडनाव मिळणे हा त्या काळी मोठा सन्मान समजला जाई. लोऊ जिंग नावाचा एक साधा माणूस सरहद्दीवरील पहाऱ्याच्या कामासाठी निघाला होता. वाटेत तो सम्राटाच्या भेटीस गेला. भेटीसाठी चांगली वस्त्रे देऊ केली असता त्याने ती नाकारली व अंगावरच्या जाड्याभरड्या कपड्यांनिशीच तो सम्राटापुढे उभा राहिला. राजधानी कोठे असावी याविषयी त्याने दिलेला सल्ला सम्राटास पटला आणि त्याने त्यास 'लिऊ' हे आडनाव बहाल केले. रक्ताचा संबंध नसतानाही लोऊ जिंग असा लिऊ जिंग झाला.

त्या वेळी चीनच्या उत्तरेस श्युंग्नू नावाचे भटके, घोडेस्वार लोक प्रबळ होते. त्यांच्याशी लढताना सम्राट स्वतःच वेढ्यात सापडला होता. तेव्हा याच लिऊ जिंगने तहाचा मार्ग सुचविला. त्याप्रमाणे एक मुलगी राजकन्या म्हणून श्युंग्नूंच्या राजास देण्यात आली आणि दरवर्षी रेशीम, मद्य व धान्य पाठविण्याचे ठरले.

या सोयरिकीचे फळ पाचशे वर्षांनी दिसले. तोवर श्युंग्नूंपैकी कित्येक जण चीनमध्ये स्थायिक झाले होते. त्यांच्या राजकुळाने 'लिऊ' हे आडनाव धारण केले होते. आपण हान सम्राटांचे भाचे, असा त्यांचा दावा होता. त्यांचा नेता लिऊ युआन हा चिनी ग्रंथांचा अभ्यासक होता. इ. स. ३०४ मध्ये त्याने स्वतंत्र राज्य स्थापिले आणि त्याला 'हान' हेच नाव दिले. पुढे इ. स. ३१९ मध्ये त्याच्या वंशातील एका राजाने ते नाव बदलले व हान सम्राटांऐवजी श्युंग्नू पूर्वजांची पूजा सुरू केली. आडनाव मात्र लिऊच राहिले.

इ. स. ४९६ मध्ये आणखी एक घटना घडली. उत्तर चीनवर तेव्हा श्येनबेई लोकांच्या तोबा घराण्याची सत्ता होती. सम्राट श्याओवेन याने राजधानी लोयांग येथे हलविली, दरबारात श्येनबेई भाषेस बंदी केली आणि आपल्या लोकांची लांबलचक आडनावे बदलून चिनी आडनावे घेण्याची आज्ञा दिली. त्याने स्वतःचे 'तोबा' हे आडनावही टाकून 'युआन' हे घेतले. या आज्ञेने 'दुगू' कुळाचे लोक 'लिऊ' झाले. सर्वांनाच हे रुचले नाही. खुद्द युवराजाने जुन्या राजधानीकडे पळून जाण्याचा प्रयत्न केला. त्यापायी त्याचे युवराजपद गेले.

पुढे दहाव्या शतकात खितान लोकांचा राजा आबाओजी याने मोठे राज्य उभारले. लिऊ बांगविषयी त्याला आदर होता. म्हणून त्याचे 'येलू' कुळ 'लिऊ' हेही आडनाव लावू लागले. त्याच शतकात, इ. स. ९४७ मध्ये, शातो या तुर्क वंशाच्या लोकांपैकी लिऊ झीयुआन हा सम्राट झाला आणि त्याने लिऊ बांगला आपला पूर्वज म्हणून मान दिला. अठराव्या शतकाच्या आरंभी नानजिंग येथे लिऊ झी नावाचा मुसलमान पंडित होऊन गेला. त्याने इस्लाम धर्माची तत्त्वे चिनी भाषेत विशद केली. आज हान लोकांप्रमाणेच मांचू, हुई व मंगोल लोकांतही हे आडनाव आढळते.

अशा रीतीने कोणाला हे आडनाव वारशाने मिळाले, कोणाला बक्षीस म्हणून. कोणी ते सोयरिकीच्या नात्याने घेतले, कोणी आदराने, तर कोणावर ते राजाज्ञेने लादले गेले. नदीला वाटेत अनेक ओढे येऊन मिळतात. पुढे तिचे पाणी एकाच नावाने ओळखले जाते. लिऊ या लहानशा शब्दाचेही तसेच आहे. त्यावरून माणसाच्या रक्ताची परीक्षा होत नाही; कोण कोणाजवळ कसे आले, हे मात्र कळते.