धक्क्याचाही हक्क असतो

ईदच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे बासी ईदला, समुद्रावर जाण्याचा बेत कोकणातल्या पुष्कळ मुस्लिम घरांत ठरतो. मुंबई-पुण्याहून, आखातातून आलेले पाहुणे घरी असतात, मामा-चाचांची मुले जमलेली असतात. दोन वर्षांपूर्वी आम्हीही असेच एका खाडीवरच्या धक्क्यावर गेलो. मोठ्यांना होडीतून फेरी मारायची होती, मुलांना गरी टाकून मासे पकडायचे होते. जेट्टीशेजारी सिमेंटचा रुंद उतार थेट पाण्यात गेला होता. जागा मोकळी दिसली. दादीला फार चालावे लागू नये म्हणून मी गाडी त्या उताराच्या तोंडाशीच लावली आणि आम्ही होडीत बसलो.

पाऊण तासाने परतलो तेव्हा उतारावर गर्दी होती. एक मच्छीमार होडी किनाऱ्याला लागली होती. उतरताना गढूळ पाण्यात एका तरुण खलाशाचा पाय पाकटावर पडला आणि काटा पायात घुसला. त्याला न्यायला आलेली रिक्षा माझ्या गाडीमुळे खाली येऊ शकली नव्हती. बर्फ घेऊन आलेला टेंपोही तिच्या मागे अडकला होता. ओहोटीने उघड्या पडलेल्या शेवाळावरून चौघांनी त्या मुलाला उचलून वर नेले. त्यातला एकजण वाटेत घसरलाही. मी किल्ली घेऊन धावलो, तोवर रिक्षा निघून गेली होती.

होडीचे तांडेल चाचा माझ्यावर ओरडले नाहीत. एवढेच म्हणाले, "भाई, हा रस्ता आहे. पाण्यात जातो म्हणून तुम्हाला तो रस्ता वाटला नाही."

मुलगा पुढे बरा झाला, अलहम्दुलिल्लाह. चाचांचे शब्द मात्र माझ्या मनातून गेले नाहीत.

रस्त्याचा हक्क

रस्त्यावरची त्रासदायक वस्तू दूर करणे हा ईमानचाच एक भाग आहे, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपण मुलांना लहानपणीच सांगतो. रस्त्यावर बसणाऱ्यांनी रस्त्याचा हक्क अदा करावा, असेही त्यांनी बजावले आहे. वाटेतला दगड, काटा बाजूला करायला आपण शिकलो. पण आपली गाडी, आपली चादर, आपली खुर्चीच कुणाच्या वाटेत आली असेल, हे आपल्या लक्षात येत नाही.

आपल्यासाठी धक्का सहलीची जागा असते. मच्छीमारासाठी तोच बाजार, तोच कारखाना आणि तेच घराचे दार. जाळी, बर्फ, डिझेल तिथूनच चढते आणि मासळी तिथूनच उतरते. शिवाय त्याला वेळ निवडता येत नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, उरलेल्या दिवसांतही वारा आणि भरती-ओहोटी सांगेल तेव्हाच निघायचे. पाणी उतरले की होडी गाळात रुतते, मग पुढच्या भरतीपर्यंत थांबणे आले. आपली दहा मिनिटे त्याचे सहा तास खाऊ शकतात.

चांद आणि पाणी

आपले महिने चंद्रावर चालतात आणि भरती-ओहोटीही चंद्रावरच चालते. ईदुल फित्र अमावस्येनंतर लगेच येते. म्हणजे आपण हौसेने पाण्यावर जातो, ते दिवस नेमके उधाणाचे असतात. पाणी खूप चढते, खूप उतरते आणि खाडीच्या तोंडाशी ओढ जोरदार असते. चांदच्या ९-१० तारखेला भांगाचे पाणी असते, तेव्हा हा चढउतार कमी असतो.

आमच्याकडची जुनी माणसे तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढतात. चतुर्थीला भरती साधारण ३ वाजता. भरती रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते आणि भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. घड्याळाचा हा अंदाज असला, तरी निघण्याआधी धक्क्यावरच्या माणसाला विचारावे. त्याच्याइतके ते पाणी दुसऱ्या कुणाला कळत नाही.

होडीत बसण्यापूर्वी

गाडी वर, रस्त्याच्या कडेला लावा. वृद्धांना उतरवा आणि गाडी मागे न्या. उताराच्या ओल्या, हिरव्या भागावर मुलांना धावू देऊ नका. गरी टाकायची असेल तर होड्या लागतात ती जागा सोडून बसा. तुटलेला तंगूस गोळा करून घरी आणा, कारण तो पंख्यात अडकतो आणि पक्ष्यांच्या पायातही. पकडलेला मासा अगदी लहान असेल तर परत सोडा.

लाइफ जॅकेट प्रत्येकाने घालावे, बुरख्यावरून किंवा शेरवानीवरूनही. होडी भरली असेल तर पुढच्या होडीची वाट पाहा. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली आणि अनेकांचे प्राण गेले. शांत समुद्रातही घात होतो, हे त्या दिवशी साऱ्यांनी पाहिले. बिस्मिल्लाह म्हणून पाय ठेवा, पण आधी जॅकेटचा पट्टा आवळा. उंट बांधून मग अल्लाहवर भरवसा ठेवण्याची शिकवण पाण्यावरही लागू आहे. समुद्रात संकट आलेच तर तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक मोबाईलमध्ये असू द्या. पाकटाचा काटा लागल्यास पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात ठेवावा आणि लगेच दवाखाना गाठावा.

गेल्या ईदला आम्ही पुन्हा त्याच धक्क्यावर गेलो. गाडी वर मशिदीजवळ लावली आणि दादीला आम्ही दोघा भावांनी हात धरून हळूहळू खाली आणले. तांडेल चाचा उतारावर जाळे शिवत बसले होते. माझ्या धाकट्याने त्यांना सलाम केला आणि विचारले, "चाचा, इथे उभे राहिले तर चालेल का?"

चाचांनी जाळे थोडे बाजूला घेतले आणि त्याला आपल्याशेजारी बसायला जागा करून दिली.