मनाचा आजार म्हणजे विश्वासाचा अभाव नव्हे

पाम, टेंभी, कुंभवली या तारापूर औद्योगिक वसाहतीलगतच्या गावांत परगावाहून आलेली अनेक कुटुंबे भाड्याच्या खोल्यांतून राहतात. पाळीची नोकरी आणि दूर राहिलेले नातलग, अशा स्थितीत घरी येऊन विचारपूस करणारा प्रार्थनागट मोठाच आधार ठरतो. मात्र काही बंदिस्त गट हळूहळू सभासदाचे अवघे जीवन ताब्यात घेतात. कोणाशी बोलावे, कोठे जावे, हे गटप्रमुख ठरवू लागतो. तेथे एखाद्याची झोप उडाली, मन खिन्न झाले वा भास होऊ लागले, तर कारण ठरलेलेच असते: पाप, अविश्वास किंवा सैतान.

अशा रुग्णाला दुहेरी ओझे वाहावे लागते. आजार आहेच, त्यावर लाजेची भर. गोळी घेतली तर विश्वास उणा ठरतो आणि गट सोडला तर आपली माणसे तुटतात. म्हणून तो गप्प राहतो.

ख्रिस्तसभेची शिकवण याबाबत स्पष्ट आहे. मानसिक आजार ही वेगळी बाब असून त्यावरील उपचार हे वैद्यकशास्त्राचे काम आहे, असे 1992 च्या कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथात (परिच्छेद 1673) सांगितले आहे. सैतान घालवण्याचा विधी बिशपांच्या खास परवानगीवाचून कोणालाही करता येत नाही. आरोग्यासाठीच्या प्रार्थनांत उन्माद व नाटकीपणा नको, अशी सूचना व्हॅटिकनने 2000 साली दिली. ती आपल्या प्रार्थनासभांनाही लागू आहे.

हा केवळ शिकवणीचा प्रश्न नाही. 6 ऑगस्ट 2001 रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे, बरे होण्याच्या आशेने धर्मस्थळाजवळ साखळदंडांत ठेवलेले 28 मनोरुग्ण आगीत मरण पावले. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे वा मारणे गुन्हा आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आहे.

गट कोणताही असो, काही प्रश्न अवश्य विचारावेत. औषध थांबवण्यास सांगितले जाते काय? घरच्यांपासून तोडले जाते काय? शंका विचारणाऱ्याला भीती घातली जाते काय? उत्तर होकारार्थी असेल तर सावध व्हावे. गटातून परतलेल्यास मात्र दोष देऊ नये. त्याचे ऐकून घ्यावे, डॉक्टरांकडे सोबत जावे. शासनाच्या ‘टेलिमानस’ सेवेच्या 14416 या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य बोलता येते.

मधुमेहाची गोळी घेताना आपण प्रार्थना सोडत नाही. मनाच्या आजारातही दोन्ही हातांत हात घालून चालू शकतात.