दाब किती, आणि केव्हा?

२०११ साली आम्ही अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात एका प्रयोगशाळेत काम करत होतो. तिथल्या यंत्रशाळेत साठीकडे झुकलेले एक कुशल कारागीर होते. आमच्या उपकरणांचे सुटे भाग ते करून देत. ऑक्टोबर उजाडला की त्यांचे लक्ष घड्याळाकडे लागे, कारण तेव्हा एल्कच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. एल्क म्हणजे आपल्या सांबरासारखे, पण त्याहून बरेच मोठे हरीण. एके दिवशी त्यांनी पितळेच्या चार रिकाम्या पुंगळ्या आमच्या टेबलावर ठेवल्या. चारही पुंगळ्यांच्या बुडाची कड एका बाजूने ओरबाडून निघाली होती.

काडतुसे त्यांनी स्वतः, घरच्या तळघरात भरलेली होती. जुन्या, हाताने बोल्ट मागेपुढे करायच्या रायफलीत तीच काडतुसे वर्षानुवर्षे बिनतक्रार उडत होती. त्या वर्षी त्यांनी त्याच मापाची अर्धस्वयंचलित रायफल घेतली आणि पहिल्या काही बारांतच ती अडकली. त्यांचा प्रश्न सरळ होता. ‘‘दारू तीच, वजन तेच, गोळी तीच. म्हणजे दाबही तोच. मग इथे असे का होते?’’

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकारीला बंदी आहे, आणि परवान्याशिवाय काडतुसे तयार करणे हा १९५९च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. तेव्हा हा उद्योग वाचकांपैकी कोणी करणार नाही, करूही नये. पण त्या प्रश्नाच्या उत्तरात नववी-दहावीचे गतिशास्त्र, वायूंचे नियम आणि थोडी भूमिती अशी काही एकत्र येते, की ते वर्गात सांगण्याजोगे आहे.

काडतुसाचे भाग चार. पितळेची पुंगळी, तिच्या बुडात बसवलेला ठिणगी देणारा प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी गोळी. बार उडाल्यावर गोळी जाते, दारू जळते, प्रायमर निकामी होतो. पुंगळी मात्र उरते, आणि किमतीने सर्वांत महाग तीच असते. म्हणून अमेरिकेत अनेक शिकारी ती पुन्हा भरतात. साच्यातून दाबून तिला मूळ मापावर आणायचे, नवा प्रायमर बसवायचा, तोलून दारू घालायची आणि वर गोळी दाबून बसवायची. काम शांतपणे, एकाग्रतेने करायचे असते. दारूचे प्रमाण दारू बनवणाऱ्यांच्या छापील तक्त्यांतूनच घ्यायचे असते. तिथे अंदाजाला जागा नाही.

‘मॅग्नम’ म्हणजे लॅटिनमध्ये मोठे. शँपेनच्या मोठ्या बाटलीला हे नाव होते, तेच पुढे मोठ्या पुंगळीच्या काडतुसाला मिळाले. आमच्या कारागिरांचे काडतूस ३०० विंचेस्टर मॅग्नम हे होते. ते १९६३ साली बाजारात आले. गोळीचा व्यास सुमारे ७.८ मिलिमीटर, म्हणजे जुन्या ३०-०६ काडतुसाइतकाच. पुंगळी मात्र जास्त पोटाची. नळी तेवढीच आणि तिच्यामागची दारूची कोठी मोठी, हे लक्षात ठेवू या. सगळा गुंता तिथूनच सुरू होतो.

आता थोडे गणित. ११.७ ग्रॅमची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे ९०० मीटर वेगाने बाहेर पडते. नळीत ती जवळजवळ ५४ सेंटिमीटर धावते. वेगाच्या वर्गाला अंतराच्या दुपटीने भागले की सरासरी त्वरण मिळते. ८,१०,००० भागिले १.०८, म्हणजे ७,५०,००० मीटर प्रति सेकंद वर्ग. गुरुत्व त्वरणाच्या ७६ हजार पट! त्याला वस्तुमानाने गुणले की बल येते सुमारे ८,८०० न्यूटन. नळीच्या छेदाचे क्षेत्रफळ ४८ चौरस मिलिमीटर धरले तर सरासरी दाब वातावरणाच्या दाबाच्या १,८०० पट निघतो. घर्षण आपण सोडून दिले आहे. घरातल्या प्रेशर कुकरमध्ये हा आकडा दोनच्या आसपास असतो.

पण हा दाब सरासरी आहे. या काडतुसाला अमेरिकन मानकाने दिलेली कमाल दाबाची मर्यादा वातावरणाच्या सुमारे ४,३५० पट आहे. सरासरी १,८०० आणि कमाल ४,३५०, याचाच अर्थ दाब झपाट्याने शिखर गाठतो आणि मग उतरत जातो. एक ते दीड सहस्रांश सेकंदात संपणाऱ्या या नाटकाचा आलेख विद्यार्थ्यांना फळ्यावर काढायला सांगावा. आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर दाब. शिखर नळीच्या सुरुवातीलाच येते, तेव्हा गोळी जेमतेम काही सेंटिमीटर सरकलेली असते. मग गोळीमागची जागा वाढत जाते आणि दाब पडू लागतो.

किती वेगाने पडतो, हे दारूवर अवलंबून असते.

रायफलीची आजची दारू मुख्यतः नायट्रोसेल्युलोजची असते. १८८४ साली फ्रान्सच्या पॉल व्हिएय यांनी ती रायफलीसाठी वापरण्याजोगी केली. त्यापूर्वीच्या काळ्या दारूच्या मानाने तिचा धूर फारच कमी, म्हणून ती ‘बिनधुराची’. ती काडतुसातही स्फोट पावत नाही, जळते. उघड्यावर पेटवली तर जुना सेल्युलॉइडचा कंगवा जळावा तशी भुरकन जळून जाते. बंद जागेत मात्र दाब वाढला की जळण्याचा वेग वाढतो, वेग वाढला की दाब आणखी वाढतो. हा संबंधही व्हिएय यांनीच मांडला. नळीतली दारू बेलगाम होत नाही याचे कारण, गोळी पुढे सरकून तिला जागा करून देते.

आणि दाणा फक्त पृष्ठभागावरून जळतो. खडीसाखर आणि पिठीसाखर समान वजनाने पाण्यात टाकून पाहा, कोणती आधी विरघळते ते. तसेच इथे. बारीक दाण्याची दारू जलद, जाड दाण्याची सावकाश. पण त्याहून गमतीची गोष्ट दाण्याच्या आकाराची आहे. भरीव कांडी जळता जळता बारीक होते, तिचा पृष्ठभाग घटत जातो आणि वायू कमी कमी निघतो. मुले बोटांत घालून खातात तशी पोकळ नळी घेतली तर? बाहेरची त्रिज्या जितकी घटते तितकीच आतली वाढते. दोन्ही त्रिज्यांची बेरीज तीच राहते, म्हणून आतला आणि बाहेरचा मिळून पृष्ठभागही जवळजवळ तोच राहतो, अगदी नळी संपेपर्यंत. गोळीच्या आकाराचा दाणा या दृष्टीने सर्वांत वाईट. त्रिज्या निम्मी झाली की पृष्ठभाग चौथाई! त्यावर उपाय म्हणून दाण्याच्या बाहेरच्या थरात जळणे मंदावणारे रसायन मुरवतात. त्यामुळे सुरुवात हळू होते आणि नंतर वेग धरला जातो.

मॅग्नमची कोठी मोठी आणि नळी अरुंद. तिथे जलद दारू घातली तर गोळी हलण्याआधीच दाब मर्यादेपलीकडे जाईल, म्हणून थोडीच घालावी लागेल आणि गोळीला वेग येणार नाही. सावकाश दारू जास्त घालता येते. शिखर तेवढेच राहते, पण एकूण वायू जास्त निघतो आणि उतरणीवरही गोळीला रेटा मिळत राहतो. म्हणूनच मॅग्नम काडतुसांना सावकाश दारू मानवते. आमच्या कारागिरांनीही तीच निवडली होती, आणि जुन्या रायफलीपुरते त्यांचे बरोबर होते.

आता नवी रायफल. तिच्या नळीला पुढे कुठेतरी एक बारीक छिद्र असते. गोळी छिद्र ओलांडून गेली की थोडा वायू त्यातून बाहेर येतो, दट्ट्याला ढकलतो, दट्ट्या बोल्टला फिरवून मोकळा करतो, बोल्ट मागे येताना रिकामी पुंगळी आकडीने ओढून फेकतो आणि परत जाताना मॅगझिनमधले पुढचे काडतूस घेऊन जातो. शिकारी फक्त चाप ओढतो. १९६७ साली आलेली ब्राउनिंगची ‘बार’ ही शिकारीची रायफल याच तत्त्वावर चालते.

या यंत्रणेला शिखराशी काही देणेघेणे नाही. तिला कळतो तो फक्त छिद्रापाशी, गोळी तिथून गेल्यानंतर असलेला दाब. दोन वेगवेगळ्या दारूंचे शिखर एकसारखे असेल, पण सावकाश दारूची उतरण उंच असते, आणि छिद्र नेमके उतरणीवर असते. म्हणजे ‘दाब तोच’ हे त्यांचे म्हणणे शिखरापुरते खरे होते. छिद्राला हवा होता त्यापेक्षा तो पुष्कळ जास्त होता.

जास्त झाला तर काय बिघडते? बार उडताना पितळेची पुंगळी फुगून कोठीच्या भिंतीला घट्ट चिकटते. वायू मागे येत नाही तो त्यामुळेच. तिच्या बुडावरचा रेटा या वेळी पाच टनांच्या आसपास असतो, आणि तो बोल्टचे दात अडवून धरतात. दाब उतरला की पितळ आपल्या लवचिकपणाने थोडे आकसते आणि पुंगळी सुटते. दट्ट्याला जोराचा दणका बसला, तर बोल्ट हे आकसणे पुरे होण्याआधीच मागे निघतो. पुंगळी चिकटलेली, आकडी ओढते आहे. कड फाटते. त्या चार पुंगळ्यांवर नेमके हेच लिहिलेले होते. उलट वायू फार कमी मिळाला तर बोल्ट पुरता मागे येत नाही आणि पुढचे काडतूस उचलले जात नाही. मध्ये चालण्याजोगी जागा अरुंद आहे.

हाताच्या बोल्टला हा प्रश्नच नाही. माणूस तो उघडतो तेव्हा दाब उतरून कितीतरी काळ लोटलेला असतो. त्यात बोल्टच्या दांड्याला तरफेचा जोर असतो, त्यामुळे थोडी घट्ट पुंगळीही निघते आणि थोडे फुगीर काडतूसही आत बसते. अर्धस्वयंचलित रायफलीत बसवायला फक्त स्प्रिंग आहे. म्हणून तिच्यासाठी पुंगळी दर वेळी संपूर्ण मापावर आणावी लागते, गोळी घट्ट धरलेली असावी लागते, आणि प्रायमर बुडाच्या पातळीवर किंचितही उचललेला चालत नाही, कारण बोल्ट त्यावर आपटून येतो.

हे सगळे एका छंदिष्टाच्या तळघरापुरते असते तर आम्ही एवढे लिहिले नसते. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकन सैनिकांच्या हाती एम-१६ ही नवी रायफल आली. यूजीन स्टोनर यांची ही रायफल पोकळ कांड्यांच्या दाण्याची दारू धरून जुळवलेली होती. ठरलेल्या दाबात ठरलेला वेग त्या दारूने मोठ्या उत्पादनात सातत्याने मिळेना, म्हणून १९६४ साली गोल दाण्याची दारू वापरात आणली गेली. वेग बरोबर, कमाल दाब मर्यादेत, कागदावर सगळे ठीक. छिद्रापाशी मात्र दाब वाढला. रायफल ठरल्यापेक्षा जलद चालू लागली, काही वेळा मिनिटाला हजार बारांच्या घरात. नव्या दारूची काजळीही जास्त होती, कोठीला क्रोमियमचा मुलामा नव्हता आणि सफाईचे साहित्य पुरेसे दिलेले नव्हते. चिकटलेल्या पुंगळ्या निघेनात. ऐन चकमकीत रायफली बंद पडल्या आणि माणसे मेली. प्रतिनिधी सभागृहाच्या उपसमितीने १९६७ साली चौकशीअंती पुरेशा चाचण्यांविना केलेल्या दारूच्या या बदलावर कडक ठपका ठेवला.

आम्हाला यात खटकते ते असे, की चूक कोणाच्या अज्ञानाची नव्हती. दाब मोजणारी माणसे आपल्या कामात तरबेज होती. स्वीकृतीच्या कागदावर मात्र वजन होते ते वेगाच्या आणि शिखराच्या आकड्याला. पूर्वी तो आकडा तांब्याचा छोटा दंडगोल दाबाखाली किती चेपला यावरून काढीत. चेपलेला दंडगोल सर्वोच्च दाब सांगतो, तो केव्हा आला आणि किती वेळ टिकला हे सांगत नाही. हल्ली क्वार्ट्झसारख्या स्फटिकांवर बसणाऱ्या दाबाने विद्युतभार निर्माण होतो, तो मायक्रोसेकंदागणिक नोंदतात आणि सबंध आलेख समोर येतो. घरी काडतूस भरणाऱ्याकडे असे काही नसते. तो वेग मोजू शकतो, रिकाम्या पुंगळ्या निरखू शकतो, बस.

आमच्या कारागिरांना आम्ही हा आलेख प्रयोगशाळेच्या फळ्यावर काढून दाखवला. दोन वक्र, शिखर एकच, आणि उतरणीवर छिद्राची उभी रेघ. ते बराच वेळ रेघेकडे पाहत राहिले. मग खिशातून छोटी वही काढून त्यांनी वक्र उतरवून घेतले. त्या हंगामात त्यांनी छापील तक्त्यातली, मॅग्नमला चालणाऱ्यांपैकी थोडी जलद दारू घेतली आणि किमान प्रमाणापासून नव्याने सुरुवात केली. गोळीचा वेग थोडा घटला, याची त्यांना हळहळ वाटली. नव्या पुंगळ्या त्यांनी पुन्हा आमच्या टेबलावर आणून ठेवल्या तेव्हा त्यांच्या कडा शाबूत होत्या. जुनी काडतुसे त्यांनी फेकली नाहीत. ती हिरव्या झाकणाच्या डब्यात ठेवली, नवी लाल झाकणाच्या, आणि दोन्ही डबे दोन वेगळ्या कपाटांत कुलूप लावून.