रुई म्हणजे कोणती रुई?

गांधीबाग-इतवारीच्या बाजारात 'रुई' म्हटले की सरकी काढलेला कापूस. भाव रुईचा, गाठीही रुईच्या. पण नागपूरच्या आसपासच्या शेतकऱ्याला रुई म्हणजे धुऱ्यावर आणि पडीक वावरात माजणारे तण. उर्दूत त्यालाच आक किंवा मदार म्हणतात. या एका शब्दाने मला एकदा फसवले. गाद्या-उशांसाठी स्वस्त रुईची पोती घेतली. आत निघाली मदारची म्हातारी. पिंजायला घेताच बराच माल वाऱ्यावर गेला!

मदारचे झुडूप वर्षानुवर्षे टिकते. तोडले तरी बुडातून फुटते, कडक उन्हातही हिरवे राहते. जांभळट फुलांनंतर फळे धरतात, ती वाळून तडकतात आणि बियांचा रेशमी कापूस उडू लागतो.

दिसायला हा कापूस सुंदर, पण एकटा कातला जात नाही. कारण साधे आहे. कापसाच्या तंतूला नैसर्गिक पीळ असतो, म्हणून तंतू एकमेकांना धरतात. मदारचा तंतू सरळ, गुळगुळीत, मेणचट आणि आतून पोकळ, तो निसटतो. म्हणून सूत काढायचे तर त्यात कापूस मिसळावा लागतो. तमिळनाडूत ऑरोव्हिल येथे अलीकडे असे मिश्र कापड तयार झाले आहे.

पोकळपणाचा फायदाही आहे. माल हलका, उबदार आणि पाण्यावर तरंगणारा. दुसऱ्या महायुद्धात जावा बेटाकडून येणारा सावरीसारखा कापूस बंद झाला, तेव्हा 1944 साली अमेरिकेत शाळकरी मुलांनी मदारच्याच कुळातील रानटी झाडाची फळे गोळा केली. तो कापूस नौसैनिकांच्या जीवरक्षक जाकिटांत भरला गेला. आपल्याकडे मदारच्या सालीचा मजबूत वाख दोर आणि जाळ्यांसाठी पूर्वापार वापरात आहे.

हा माल घेणाऱ्या बंधूंनी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, चिमूटभर माल बोटांत वळून पाहावा; धागा धरला तर कापूस, निसटला तर मदार. दोन, फळे पिकल्यावर पण तडकण्यापूर्वी तोडावी लागतात. त्या वेळी निघणारा चीक विषारी असतो. डोळ्यात गेल्यास दुखले नाही तरी नजर धूसर होऊ शकते; लगेच भरपूर पाण्याने धुऊन डॉक्टर गाठावा. तीन, बिलावर नुसते 'रुई' लिहू नये. 'कापूस' किंवा 'मदार' असे स्पष्ट लिहून घ्यावे. माझे पैसे त्या एका शब्दापायी गेले. आपले जाऊ नयेत.