वाढत्या अंगाची मोटारसायकल

आपल्या मध्यमवर्गीय घरांत खरेदीचा एक शहाणा नियम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे : मुलाची वस्तू नेहमी वाढत्या अंगाची घ्यावी. शाळेचा सदरा दोन बोटे सैल, बूट एक नंबर मोठे, आणि सायकल अशी की पहिल्या वर्षी नळीखालून पाय घालून चालवावी व तिसऱ्या वर्षी ऐटीत सीटवर बसावे! या नियमाने कितीतरी संसारांची तोंडमिळवणी केली आहे. त्याची टिंगल करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. परंतु एका खरेदीच्या वेळी हा नियम कटाक्षाने बाजूला ठेवावा, एवढेच मला आज सांगायचे आहे. ती खरेदी म्हणजे मोटोक्रॉसची मोटारसायकल.

आता तुम्ही म्हणाल, मोटोक्रॉस आणि आमचे घर यांचा संबंध काय? तो येऊ लागला आहे, वाचकहो! मोटोक्रॉस म्हणजे माती, चढउतार आणि उंचवटे यांनी भरलेल्या बंदिस्त मार्गावरील मोटारसायकलींची शर्यत. तिचेच क्रीडांगणात भरणारे भावंड म्हणजे सुपरक्रॉस. २०२४ च्या जानेवारीत पुण्याच्या बालेवाडी क्रीडानगरीत सुपरक्रॉसची नवी लीग सुरू झाली. त्यात परदेशी स्वारांचे ४५० आणि २५० सीसीचे गट होते, तसा लहान मुलांसाठी ८५ सीसीचाही होता. गाड्या हवेत उडताना पाहून आलेल्या मुलांनी घरी कोणता हट्ट धरला असेल, हे मी सांगायला नको.

माझे सारे आयुष्य एका औद्योगिक शिक्षण संस्थेच्या कर्मशाळेत इंजिने उघडण्यात आणि जोडण्यात गेले. त्यामुळे गाडी घ्यायची म्हटले की आमच्या इमारतीतील मंडळी आधी माझे दार वाजवतात. असेच एके संध्याकाळी आमचे शेजारी आले. बरोबर पत्नी आणि पंधरा वर्षांचे चिरंजीव. चिरंजिवांचे वजन अवघे अठ्ठेचाळीस किलो. दोन वर्षे भाड्याच्या लहान गाडीवर सराव झालेला.

"मास्तर, चारशेपन्नासच घेऊन टाकावी म्हणतो," शेजारी म्हणाले. "अडीचशेच्या आणि तिच्या किमतीत म्हणावा तसा फरक नाही. आज थोडी जड जाईल. पण पोरगं वाढतंच आहे की!"

पाहिलेत? वाढत्या अंगाचा सदराच तो!

मी उत्तर देण्यापूर्वीच त्यांच्या पत्नीने विचारले, "मास्तर, ती आडवी पडली, तर हा एकटा उचलेल का?"

माझ्या चाळीस वर्षांच्या नोकरीत इंजिनासंबंधी याहून नेमका प्रश्न मला कुणी विचारल्याचे आठवत नाही.

सीसी म्हणजे तरी काय, ते आधी पाहू. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये दट्ट्या खाली-वर होतो. त्या हालचालीत जेवढी पोकळी मोकळी होते, ती घन सेंटिमीटरमध्ये मोजली की झाले सीसी. पोकळी मोठी, तर त्यात हवा आणि पेट्रोल जास्त मावणार आणि स्फोट मोठा होणार. परंतु एवढ्याने हिशेब पुरा होत नाही. टू-स्ट्रोक इंजिनात दट्ट्याच्या दर फेरीला स्फोट होतो. फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांतून एकदा. आपल्या रस्त्यांवरचे जुने उदाहरण घ्या. यामाहाची आरएक्स १०० ही टू-स्ट्रोक गाडी ९८ सीसीमधून ११ अश्वशक्ती देत असे. त्याच काळातली साडेतीनशेची बुलेट १८ देई. म्हणून मोटोक्रॉसच्या नियमांत १२५ ची टू-स्ट्रोक आणि २५० ची फोर-स्ट्रोक एका पंक्तीला बसवल्या गेल्या, तशाच २५० ची टू-स्ट्रोक आणि ४५० ची फोर-स्ट्रोक.

आता मोटोक्रॉसच्या गाडीची ताकद बघा. आजची साडेतीनशे सीसीची बुलेट सुमारे २० अश्वशक्तीची आणि १९५ किलो वजनाची. मोटोक्रॉसच्या ४५० ला ५५ च्या आसपास अश्वशक्ती असते आणि वजन फक्त ११० किलोच्या घरात. म्हणजे बुलेटची जवळजवळ तिप्पट ताकद, वजन मात्र निम्म्याहून थोडेसेच जास्त! आणि लहान म्हणून जिला नाके मुरडली जातात, ती १२५ ची टू-स्ट्रोक? तिचे वजन सुमारे ९५ किलो आणि ताकद ३५ अश्वशक्तीच्या पुढे. ही 'लहान' गाडीसुद्धा बुलेटला मागे टाकणारी आहे, हे ऐकून शेजाऱ्यांचा चहा हातातच राहिला.

या ताकदीचा धोका कुठे आहे, तेही सांगतो. नवख्याने गाडी जोरात सोडली की अंग मागे फेकले जाते. तो मुठी घट्ट धरतो. आणि मागे जाणाऱ्या हाताबरोबर उजवी मूठ आणखी पिळली जाते. वेग कमी व्हावा म्हणून धरलेल्या मुठीनेच वेग वाढतो! लहान इंजिनावर सावरायला क्षणभर तरी मिळतो. ४५० वर तोही मिळत नाही. पुण्याबाहेरच्या एका सराव-मैदानावर हा प्रकार मी डोळ्यांनी पाहिला आहे. गाडी तटबंदीवर चढली आणि तरुणाचे गळ्याजवळचे हाड मोडले. तो चांगला बावीस वर्षांचा, धट्टाकट्टा गडी होता.

बरे, मोठे इंजिन म्हणजे विजय, असे तरी आहे का? या खेळाचा इतिहास तसे सांगत नाही. १९२४ साली इंग्लंडमधील कँबर्ली येथे या खेळाचा आरंभ झाला. १९५७ साली जागतिक अजिंक्यपद सुरू झाले, तेव्हा मानाचा गट ५०० सीसीचा होता. परंतु १९६४ साली त्याच गटात इंग्लंडच्या जेफ स्मिथने ४२० सीसीच्या बीएसएवर बाजी मारली. १९६६ साली पूर्व जर्मनीच्या पॉल फ्रीडरिक्सने झेकोस्लोव्हाकियात तयार झालेल्या ३६० सीसीच्या सीझेडवर तेच अजिंक्यपद पटकावले आणि पुढची दोन वर्षे ते राखले. नियमाने ५०० ची मुभा असताना जिंकणाऱ्यांनी ती पुरती वापरली नाही! गाडी हलकी, वळणात आज्ञाधारक आणि शेवटच्या फेरीपर्यंत हाताशी राहणारी हवी, हे त्यांनी ओळखले होते. पुढे ५०० च्या टू-स्ट्रोक इतक्या दांडग्या झाल्या की त्या सांभाळणारे स्वारच विरळा. होंडाने आपली सीआर ५०० देखील २००१ नंतर बनवली नाही. आज जागतिक स्पर्धेची वरची मर्यादा ४५० आहे. तिथल्या एका शर्यतीत तीस मिनिटे आणि वर दोन फेऱ्या धावावे लागते, आणि असे दिवसातून दोनदा. ४५० चे पोट भरायला स्वाराच्या अंगात तेवढी रग लागते.

शेजाऱ्यांना इतिहास पटला, चिरंजिवांना नाही. "आजोबा, तुमच्या वेळच्या गाड्या वेगळ्या होत्या!" म्हणाले. मग ठरले की वाद घालण्यापेक्षा घड्याळ लावावे. पुढच्या रविवारी आम्ही सराव-मैदानावर गेलो. ४५० वर बसवायला तिथल्या शिक्षकांनीच नकार दिला. म्हणून २५० ची फोर-स्ट्रोक आणि १२५ ची टू-स्ट्रोक, दोन्ही भाड्याने घेतल्या. मधे पुरती विश्रांती देऊन मुलाला दोन्हींवर आठ-आठ फेऱ्या मारायला सांगितल्या.

पहिल्या फेरीत २५० चार सेकंदांनी पुढे होती. मुलाने आमच्याकडे पाहून हातही हलवला. चौथ्या फेरीत दोन्हींचा वेळ सारखा झाला. सहाव्या फेरीपासून २५० वर त्याचे दंड भरून आले, बोटे क्लचवर वळेनात आणि वळणे रुंदावली. आठवी फेरी पहिलीपेक्षा तब्बल एकोणीस सेकंदांनी मंद झाली. १२५ वर मात्र पहिल्या आणि आठव्या फेरीत तीन सेकंदांचाच फरक होता. आठ फेऱ्यांची बेरीज मी त्याच्याच हाताने करवून घेतली. त्याने कागद घडी करून खिशात घातला आणि परतीच्या वाटेवर एक शब्द बोलला नाही.

शेवटी १२५ ची एक वापरलेली गाडी आली. वाचलेल्या पैशांत उत्तम शिरस्त्राण, गुडघ्यापर्यंतचे बूट, छाती-पाठीचे चिलखत आणि मानेचा पट्टा आला; हा खर्च गाडीच्या आधी धरायचा असतो. दट्ट्या आणि त्याच्या रिंगा बदलायला मुलगा स्वतः माझ्या हाताखाली शिकला. हे काम फोर-स्ट्रोकच्या वाल्व्हांच्या दुरुस्तीहून सोपे आणि स्वस्त पडते. मोटोक्रॉसच्या गाडीचे आयुष्य मैलांत नव्हे तर तासांत मोजतात, हे ज्यांना हप्ते भरायचे आहेत त्यांनी ध्यानात ठेवावे.

आता ज्यांच्या घरी हा हट्ट सुरू आहे, त्यांच्यासाठी ढोबळ हिशेब देतो. चार ते सात वर्षांच्या मुलाला आपोआप क्लचची ५० सीसी. सात ते दहा-अकरापर्यंत ६५. तिथून चौदापर्यंत ८५. त्यापुढे अंग हलके असेल तर १२५ ची टू-स्ट्रोक. पुरते वाढलेल्या आणि थोडा सराव झालेल्या माणसाला २५० ची फोर-स्ट्रोक. ४५० ही वर्षानुवर्षे शर्यती केलेल्या, कसलेल्या अंगाच्या स्वारासाठी. मात्र उलट टोकही गाठू नये. ऐंशी किलोचा बाप हौसेने मुलाच्या ८५ वर बसला, तर हलक्या वजनासाठी बसवलेल्या स्प्रिंगा तळाला टेकतात आणि पहिल्याच उडीत कंबर नाव काढते!

वयापेक्षा पक्क्या अशा चार कसोट्या आहेत. बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे जमिनीला लागतात का? आडवी पडलेली गाडी मूल एकटे उभी करते का? सर्वांत लांब सरळ पट्ट्यावर मूठ पुरती उघडून ठेवायची त्याची छाती होते का? आणि शेवटची फेरी पहिल्या फेरीच्या जवळपास राहते का? चारही उत्तरे 'होय' असतील, तर इंजिन योग्य आहे. एकही 'नाही' असेल, तर खाली उतरा. आणि चारही 'होय' येऊन मुलाला गाडी पुरेनाशी झाली, तरच वरची पायरी.

आणखी एक. ही गाडी रस्त्याची नव्हे. तिला ना दिवा, ना नंबराची पाटी. मैदानापर्यंत ती टेंपोतूनच न्यावी. अल्पवयीन मुलाच्या हाती रस्त्यावर गाडी दिल्यास २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकांनाच पंचवीस हजारांचा दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आमचे चिरंजीव आता सतरा वर्षांचे आहेत, वजन अठ्ठावन्न किलो. अद्याप करंडक घरात आलेला नाही; पण गेल्या हंगामातल्या साऱ्या शर्यती त्याने पुऱ्या केल्या, आणि हाडे सगळी जागच्या जागी आहेत. हल्ली तो २५० मागतो आहे. त्याच्या आईने त्याला सांगून ठेवले आहे, "आधी एकट्याने उचलून दाखव, मग मास्तरांना विचारू."

मला विचारण्याची तशी काही गरज उरलेली नाही.