वन्संची भिशी आणि कायद्याचे घड्याळ

मैत्रिणींनो, घरात चोरी झाली तर आपण काय करतो? आरडाओरडा करतो, शेजारीपाजारी गोळा होतात, कुणीतरी पोलिसांकडे धावते. पण चोर मोबाइलमधून आला आणि दाराची कडी आपल्याच हाताने काढली गेली असली, तर? मग आपण गप्प बसतो. माझ्या मोठ्या वन्सं चार दिवस गप्प बसल्या.

झाले असे, की एका शनिवारी संध्याकाळी त्यांना निरोप आला, 'वीजबिल भरल्याची नोंद नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल.' खाली एक नंबर. घरात पाहुणे, गॅसवर आमटी. वन्संनी घाईघाईने फोन लावला. पलीकडचा माणूस फार अदबीने बोलला. एक ॲप घ्यायला लावले आणि दहा रुपये भरून बघा म्हणाला. त्या ॲपमुळे वन्संच्या मोबाइलवर जे जे दिसत होते ते सगळे त्यालाही दिसत होते. पाच मिनिटांत १८,००० रुपये गेले. वन्संच्या छातीत धस्स झाले, पण पाहुण्यांसमोर बोलायचे कसे? सकाळी बघू, म्हणून त्या रात्रभर नुसत्या पडून राहिल्या. सकाळी आणखी ३०,००० गेले. भिशीचे पैसे होते हो ते!

"अगं, सांगणार कुणाला? शिकलीसवरलेली बाई फसलीच कशी म्हणतील," बुधवारी त्या मला फोनवर म्हणाल्या आणि रडू लागल्या.

मी काही वकील नाही. बी.ए. झाले आणि शाळेत अर्धवेळ नागरिकशास्त्र शिकवते, एवढेच. पण वन्संपायी मी माहिती तंत्रज्ञान कायदा वाचायला घेतला. हा कायदा आला २००० साली. तेव्हा आपल्यापैकी कितीजणींच्या हातात मोबाइल होता? त्यामुळे मूळ कायद्याचा सगळा जीव संगणकावरची कागदपत्रे, सह्या आणि व्यापार यांत. दुसऱ्याचे सोंग घेऊन संगणक किंवा मोबाइलवरून फसवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड, हे ६६ड कलम नंतरच्या दुरुस्तीने आले आणि २००९ साली लागू झाले. पोळी करपल्यावर तवा उतरवावा, तसे कायद्याचे होते. आधी कुणीतरी भाजतो, मग कलम येते.

आणि आले ते सगळेच धड येते असेही नाही. त्याच दुरुस्तीतून ६६अ नावाचे कलम आले होते. 'त्रासदायक', 'अतिशय आक्षेपार्ह' असे काही पाठवले तर तुरुंग. पण त्रासदायक म्हणजे काय, ते कुठेच सांगितलेले नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती, त्यावर पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीने त्या आवडल्याची खूण केली. दोघींना अटक झाली! श्रेया सिंघल नावाची तरुणी हे वाचून सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले. गंमत म्हणा की दुर्दैव, रद्द झाल्यावरही काही ठिकाणी पोलीस त्याच कलमाखाली गुन्हे नोंदवत राहिले. ते थांबवा, असे न्यायालयाला २०२२ मध्ये पुन्हा सांगावे लागले.

पण आपल्या कामाची गोष्ट मला या कायद्यात सापडली नाही, ती सापडली रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात. ते वाचताना मी कपाळावर हात मारून घेतला. त्यात असे होते: चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा व्यवहारात बँकेचा निरोप आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवले, तर ग्राहकावर बोजा नाही. चार ते सात दिवसांत कळवले, तर ठरावीक मर्यादेपर्यंतच. चूक ग्राहकाची असली, म्हणजे गुप्त आकडे त्याच्याकडूनच बाहेर गेले असले, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे. मात्र कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचे.

आता वन्संचा हिशेब मांडा. चूक त्यांची, हे धरून चालू. १८,००० गेले ते गेले. पण शनिवारी रात्रीच बँकेच्या तक्रार क्रमांकावर फोन केला असता, तर एक तर खाते बंद होऊन ३०,००० वाचले असते, नाहीतर ते भरून देणे बँकेच्या अंगावर आले असते. एका रात्रीच्या संकोचाची ही किंमत.

दुसरा क्रमांक १९३०. हा सरकारी आहे, तो भिंतीवर लिहून ठेवा. तिथे तक्रार नोंदली की पैसे ज्या बँकेत गेले तिला लगेच सूचना जाते, आणि पैसे अजून तिथेच असतील तर तेवढी रक्कम गोठवतात. चोर मात्र बसून राहत नाही. या खात्यातून त्या खात्यात, तिथून तिसऱ्या, मग रोख. म्हणून पहिला तास मोलाचा. पोलीस ठाणे कोणते, आपल्या हद्दीत येते की नाही, यात अडकू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेप्रमाणे कोणत्याही ठाण्यात तक्रार देता येते. ती मोबाइल-संगणकावरूनही पाठवता येते, फक्त तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते.

आणि हो, पोलिसाच्या वेशातला माणूस व्हिडिओवर येऊन "तुम्हाला अटक झाली आहे, खोलीबाहेर पडू नका" म्हणाला, तर खुशाल फोन ठेवून द्या. फोनवरून अटक असा प्रकार आपल्या कायद्यात नाहीच. अपवाद सोडला तर सूर्यास्तानंतर बाईला अटक करता येत नाही. आणि तो अपवादही महिला अधिकारी आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची परवानगी यांशिवाय नाही.

वन्संची तक्रार आम्ही त्या बुधवारी नोंदवली. तिसऱ्या कुठल्याशा खात्यात ६,२०० रुपये सापडले, ते गोठवले आहेत. ते मिळावेत म्हणून न्यायालयात अर्ज केला आहे. बाकीच्यांसाठी बँकेने नकार कळवला. रविवारच्या सकाळी काय बोलायचे बँकेशी, आम्ही कळवलेच कुठे होते!

अर्जासाठी कागद हवे, म्हणून वन्संना शेवटी यजमानांना सांगावेच लागले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग उठून कपाटातून एक जुनी बँकेची वही काढली आणि एका ओळीवर बोट ठेवले. गेल्या वर्षी पार्सलच्या नावाखाली त्यांचेही ४,००० गेले होते. त्यांनीही घरात कुणाला सांगितले नव्हते.